अंदाज सांगायला आलेला पाहुणा

हेमलता गच्चीवर एरिअलची तार ओढून धरून उभी होती, तेव्हा खाली फाटकापाशी एक सायकल थांबली.

१९५९ सालच्या फेब्रुवारीतली रविवारची सकाळ. राजाजीनगर तेव्हा नवंनवं वसत होतं. काही घरं उभी, काही नुसती पायापर्यंत आलेली, आणि मधून तांबड्या मातीचे रस्ते. वारा सुटला की ती माती आधी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि मग माणसांच्या पापण्यांवर.

"इकडे स्वल्प बघाल काय?" खालून आवाज आला. मराठीच होती, पण तिला कानडी हेल होता. "मुजुमदारांचं घर हेंच काय हो?"

हेमानं कठड्यावरून वाकून पाहिलं. उंच, सडपातळ तरुण. पांढरा शर्ट, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून घोट्यापाशी गुंडाळलेली पँट, कपाळावर अंगाऱ्याची बारीक काळी रेघ. हाच तो, तिच्या लक्षात आलं.

परवा जेवणं झाल्यावर बाबा आईला हळू आवाजात सांगत होते ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. "रविवारी दहाला मुलगा येतोय. हेमाशी बोलेल, तिला पारखेल आणि काय ते स्पष्ट सांगेल." पारखेल... तो शब्द दोन दिवस तिला टोचत होता. पुण्याला फिजिक्स घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेली मुलगी, आणि तिला भाजीसारखी पारखून घ्यायची?

"मुजुमदार?" ती वरून शांतपणे म्हणाली. "ते पलीकडे राहतात. त्या पाण्याच्या टाकीच्याही पुढे. सरळ जा, मग डावीकडे, मग विचारा कुणालाही."

"सरी, सरी. उपकार झाले," तो म्हणाला आणि सायकल वळवून निघून गेला. हेमा त्याच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत राहिली. तिला हसू येत होतं, आणि थोडं वाईटही वाटत होतं.

अर्ध्या तासानं तो परत आला. शर्ट आता पांढरा राहिला नव्हता. ती अजून गच्चीवरच होती.

"टाकी छान आहे," त्यानं मान वर करून सांगितलं. आवाजात राग औषधालाही नव्हता. "तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं, मुजुमदारांचं घर म्हणजे ज्याच्या गच्चीवर एक मुलगी सदा तारा ओढत असते, ते. मी म्हटलं, अय्यो, त्यांना तर मी भेटून आलों."

हेमाच्या हातातली तार सुटली.

खाली तिचे बाबा, अप्पासाहेब मुजुमदार, त्याला हात धरून आत घेऊन गेले. अप्पासाहेब जालहळ्ळीच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. बदली होऊन त्यांना बंगळुरात दोन वर्षं झाली होती, आणि परीक्षा आटोपून हेमाही इथेच आली होती. आईनं, प्रमोदिनीबाईंनी, पोहे केले होते. हेमानं ताटली त्याच्यासमोर जरा आवाज करूनच ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. मान खाली घालायची नाही, हे तिनं आधीच ठरवलं होतं.

"हा रघुपती," बाबा म्हणाले. "मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. चामराजपेटेतलं जुनं घराणं यांचं. तीनशे वर्षं इथेच आहेत, पण घरात मराठी टिकवून आहेत."

"टिकवली म्हणजे... इथल्या पाण्यात मुरवली," रघुपती म्हणाला. मग त्यानं पोह्यांची ताटली बाजूला ठेवली आणि हेमाकडे वळून विचारलं, "दूरची रेडिओ स्टेशनं दिवसा ऐकू येत नाहीत, सूर्य मावळला की येतात. कशामुळं?"

हेमा चकित झाली. स्वयंपाक, गाणं, शिवण — सगळ्याची उत्तरं तिनं तयार ठेवली होती, एकाहून एक तिखट. पण हे? तिनं आयनोस्फिअरची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. पुस्तकातल्या ओळी, स्वल्पविरामासकट.

"पान बरोबर सांगितलंत," तो म्हणाला. "आता पुस्तक नाही असं धरा. आकाशात असा थर आहे हे तुम्हांला कुणी सांगितलंच नाही. मग कसं शोधाल?"

तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यानं आणखी दोनतीन गोष्टी विचारल्या. दर वेळी तिच्याकडे पुस्तकातलं वाक्य तयार होतं, आणि दर वेळी तो ते वाक्य हळूच बाजूला सारून मागे काय आहे ते विचारत होता. मागे काही नव्हतं. तिचे कान तापले.

"आता मी विचारू?" ती म्हणाली. "पोळ्या लाटता येतात तुम्हांला?"

प्रमोदिनीबाईंनी डोळे मोठे केले. रघुपतीनं मात्र गंभीरपणे विचार केला. "येतात. गोल येत नाहीत. पण... ते इथे का लागेल?"

"मग माझ्या आयनोस्फिअरचं काय लोणचं घालायचंय तुमच्या घरी?"

आणि मग अप्पासाहेब इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं वेडे, हा तुला बघायला नाही आला. इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करतो हा, फिजिक्समध्ये. तिथल्या मुलाखती कशा होतात, कोण टिकतं, कोण गळतं, हे दर वर्षी जवळून बघतो. तुला तिथे प्रवेश मिळेल की नाही, याचा अंदाज घ्यायला बोलावलाय मी त्याला."

इन्स्टिट्यूट... मल्लेश्वरमच्या पुढची ती दगडी इमारत, गर्द झाडी, आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी असलेला रेडिओ इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. देशभरातून मुलं यायची आणि मूठभर आत जायची. मुली तर बोटांवर मोजाव्यात इतक्या. हेमानं एकदाच, चाचरत, बाबांजवळ तो विषय काढला होता. ते विसरले असतील असंच तिला वाटत होतं.

"बोल रघुपती," बाबा म्हणाले. "स्पष्ट सांग. आहे आशा?"

हेमाला वाटलं, आता हा गोड बोलेल. आजवर सगळे तसंच बोलत आले होते. कॉलेजातले सर, मामा, शेजारच्या बाई — 'तुला काय कमी आहे, तुला तर मिळणारच.'

"आज मुलाखत झाली तर नाही," रघुपती म्हणाला.

प्रमोदिनीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो सगळ्यांना ऐकू गेला. पुण्याहून नंदकिशोरचं स्थळ आलेलं होतं. मुलगा बँकेत, घरचे चांगले, आणि ती मंडळी मे अखेरपर्यंत उत्तर मागत होती.

हेमाला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "मुलाखत आज नाहीये," ती म्हणाली. "जूनमध्ये आहे."

रघुपतीनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं... "हो," तो म्हणाला. "ते मात्र खरं."

त्याच बैठकीत ठरलं. शनिवारी दुपारी हेमानं चामराजपेटेत त्याच्या घरी जायचं, तिथे त्याची थोरली बहीण असते. मे महिन्यात रघुपतीनं पुन्हा एकदा अंदाज सांगायचा. तो 'हो' म्हणाला तर पुण्याला नकार कळवायचा. 'नाही' म्हणाला तर हेमानं मुकाट्यानं बोहल्यावर चढायचं. 'मुकाट्यानं' हा शब्द आईचा होता.

चामराजपेटेतलं ते घर लांबट आणि गार होतं. दारात रांगोळी, आत कॉफीच्या बिया भाजल्याचा वास, आणि त्या वासाच्या मधोमध अहल्याक्का. रघुपतीहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, विधवा, घराच्या कर्त्या. त्यांनी पहिल्याच दिवशी हेमाच्या हातात फोडणीच्या पिवळ्या भाताची, चित्रान्नाची, बशी दिली.

"खा गं. पोटात नसेल तर डोक्यात काय जाणार? आमची मराठी ऐकून तुला नगू येतें काय?"

"नगू?"

"हसू गं, हसू. बघ, एक कानडी शब्द शिकलीस. संध्याकाळपर्यंत चार शिकून जा."

रघुपती शिकवत नसे, हे हेमाला दुसऱ्या शनिवारी कळलं. तो फक्त विचारत असे आणि मग थांबत असे. त्याचं ते थांबणं तिला सुरुवातीला असह्य व्हायचं. ती अडखळायची, चुकायची, चिडायची. तो खिडकीबाहेर बघत बसून राहायचा, जणू जगातला सगळा वेळ त्याच्याच मालकीचा आहे.

"सांगून टाका ना," ती एकदा म्हणाली.

"सांगितलं तर माझं होईल ते. तुमचं नाही होणार."

"आणि मला आलंच नाही तर?"

"तर 'येत नाही' म्हणा. तेवढंही लोकांना म्हणता येत नाही, बघा. मी स्वतः पहिल्या वर्षी मुलाखतीत घाबरून एक खोटं उत्तर ठोकून दिलं. त्यांनी मला नम्रपणे घरी पाठवलं. दुसऱ्या वर्षी घेतलं."

हेमानं मान वर केली. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं होतं... पुण्यात तिनं पाहिलेली हुशार मुलं आपला एक मार्क गेला तर चार दिवस लपवून ठेवायची. आणि हा, कॉफीचा पेला दुसऱ्या हातात घ्यावा तसं आपलं अपयश तिच्यासमोर ठेवून मोकळा झाला होता.

त्या दिवशी परतताना बसमध्ये तिला जाणवलं की आपण आयनोस्फिअरचा विचार करत नाही आहोत. खिडकीत बसलेल्या एका माणसाच्या लांबसडक बोटांचा करतो आहोत.

मार्च सरला. रस्त्यावर गुलमोहर पेटले. हेमाचं बोलणं बदलत चाललं होतं, तिच्याही नकळत. घरात दिवा लुकलुकला की ती पुस्तकाकडे न जाता खुर्चीवर चढून वायर बघायची. जेवताना मधेच थांबून म्हणायची, "पण असं का होतं?" प्रमोदिनीबाई कपाळाला हात लावायच्या. अप्पासाहेब वर्तमानपत्राआडून हसायचे.

एप्रिलमधला एक शनिवार. दुपार कोंदट होती. अहल्याक्कांनी अंगणात जुनी धोतरं अंथरून तांदळाचे सांडगे वाळत घातले होते. अंगणावर लख्ख ऊन होतं, ढगाचा पत्ता नव्हता. आत रेडिओवर कुणीतरी कर्नाटकी संगीतातली कृती आळवत होतं, अक्का मांडीवर ताल धरून बसल्या होत्या, आणि हेमा रघुपतीच्या समोर एका आकृतीशी झगडत होती.

रेडिओ खरखरला. मग पुन्हा स्वच्छ झाला. थोड्या वेळानं पुन्हा — कर्र.

"हा डब्बा म्हातारा झाला," अक्का पुटपुटल्या.

हेमाची पेन्सिल थांबली. ती मान तिरकी करून ऐकत राहिली. पुन्हा कर्र झालं. ती मनात आकडे मोजू लागली, ओठ नुसते हलत होते. किती तरी वेळानं फार लांबून, घरांच्या पाठीमागून, एक गुरगुर ऐकू आली. पुन्हा कर्र... पुन्हा मोजणं... पुन्हा गुरगुर. या वेळी जरा लवकर.

रघुपती तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"अक्का," हेमा म्हणाली. ती उठली होती. "सांडगे आत घ्या."

"वेड लागलं काय गं? ऊन बघ केवढं आहे."

"रेडिओ म्हातारा नाही झाला, अक्का. वीज पडते तेव्हा खरखरतो. वीज आपल्याला दिसत नाही, घरं आड येतात. पण तिची लाट त्याच क्षणी इथे पोचते. गडगडाट सावकाश चालत येतो. आणि दोन्हींमधलं अंतर कमी होत चाललंय... वादळ इकडेच येतंय. चला, उचला, मी धरते."

अक्कांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग त्या पदर खोचून उठल्या. दोघींनी धोतराचे चार कोपरे धरून सांडगे आत आणले, दुसरं धोतर आणलं, तिसरं ओसरीवर ठेवलं न ठेवलं तोच वाऱ्याचा झोत आला, ऊन विझलं, आणि टपोऱ्या थेंबांनी अंगण भिजून गेलं.

हेमा ओसरीच्या कडेला उभी राहून पावसाचे तुषार चेहऱ्यावर घेत होती. धापा टाकत होती, हसत होती. "हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं मी," ती म्हणाली. "म्हणजे... कुठे तरी असेलच लिहिलेलं. पण मी वाचलं नव्हतं."

तिनं वळून पाहिलं. रघुपती दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. रोज तो थांबायचा ते उत्तराची वाट बघत. आजचं थांबणं तसं नव्हतं. तिच्या केसांवरचे थेंब, तांदळाच्या पिठानं भरलेले हात, कपाळावर चिकटलेली बट — तो सगळं पाहत होता आणि पाहतो आहे हे विसरला होता.

"काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं नजर वळवली. "आज... आज इतकंच पुरे."

त्यानंतरच्या शनिवारी तो तिच्यापासून जरा दूर बसला. प्रश्न तेच, थांबणंही तेच, पण आता तो खिडकीबाहेर बघायचा ते काहीसं नेटानं. हेमाला सगळं कळत होतं. आणि तिला हेही कळत होतं की मे जवळ येतो आहे.

ठरल्या रविवारी तो राजाजीनगरला आला. प्रमोदिनीबाईंनी पुण्याहून आलेलं पत्र आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं. अप्पासाहेब खुर्चीत सरसावून बसले.

"हं, रघुपती. तीन महिने पाहिलंस तिला. आता सांग. मिळेल?"

हेमा दाराशी उभी होती. तिला उत्तर माहीत होतं असं तिला वाटत होतं. सांडग्यांच्या दुपारनंतर तो दुसरं काय म्हणणार?

"अप्पासाहेब," रघुपती म्हणाला, "मला आता सांगता येणार नाही."

"म्हणजे? अजून बघायचंय काही?"

"तसं नव्हे. अंदाज सांगणाऱ्याचं मन स्वच्छ असावं लागतं. फेब्रुवारीत होतं, तेव्हा सांगितलं. आता..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता. "आता मी 'हो' म्हटलं तर तुम्ही पुण्याला नकार कळवाल. तो नकार जावा, असं मला स्वतःला फार वाटतं. इतकं वाटतं, की माझं 'हो' हे यांच्या प्रवेशासाठी की माझ्यासाठी, ते माझं मलाच सांगता येत नाही. असल्या माणसाच्या शब्दावर तुम्ही मुलीचं आयुष्य ठरवू नये."

प्रमोदिनीबाईंचा हात पत्रावरच राहिला.

हेमाला आधी राग आला. एक शब्द — एक 'हो' म्हणायचं होतं त्यानं. सगळं सोपं झालं असतं. पत्राला उत्तर गेलं असतं, शनिवार चालू राहिले असते... आणि मग, त्या रागाच्या पाठोपाठ, तिच्या मनात दुसरंच काहीतरी भरून आलं. ज्या शब्दानं त्याला हवं ते मिळणार होतं, नेमका तोच शब्द त्यानं खाली ठेवला होता. तिच्यासमोर, तिच्या आईवडिलांसमोर, मान ताठ ठेवून. असा माणूस तिनं पाहिला नव्हता.

"बाबा," ती पुढे आली. "मी सांगू?"

"तू?"

"माझा अंदाज मीच सांगते. मिळेलच असं मी म्हणत नाही. माझं गणित अजून कच्चं आहे. तिथे येणारी कितीतरी मुलं माझ्याहून तयार असतील. पण फेब्रुवारीत मला जे येत नव्हतं ते मला ठाऊकच नव्हतं, आता ठाऊक आहे. आणि जे येत नाही ते 'येत नाही' म्हणायला मी घाबरत नाही. मला जायचंय, बाबा. नाही मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय."

अप्पासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. "प्रमोदिनी, पुण्याला लिहून टाक. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही."

प्रमोदिनीबाई लेकीकडे बघत होत्या. त्यांनी मॅट्रिकचा फॉर्म भरला होता आणि परीक्षेआधीच त्यांचं लग्न झालं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लिहिते. पण मुलाखत होईपर्यंत यांनी इथे यायचं नाही, आणि हिनं तिकडे जायचं नाही. लोक काय ते बोलायला मोकळेच असतात."

"बरोबर आहे," रघुपती म्हणाला. तो उठला, दोघांना नमस्कार केला आणि हेमाकडे न बघता निघाला. फाटकापाशी मात्र त्याला सायकलचं कुलूप काढायला फारच वेळ लागला.

ते आठवडे हेमानं एकटीनं काढले. शनिवारची दुपार आली की ती टेबलाशी बसायची आणि स्वतःलाच प्रश्न विचारायची. मग थांबायची. त्याच्यासारखं थांबणं तिला आता जमू लागलं होतं. कधी कधी त्या थांबण्यात उत्तराऐवजी तोच यायचा... आणि ती त्याला बजावून बाहेर पाठवायची.

मुलाखतीच्या सकाळी आईनं तिची पांढरी साडी स्वतः इस्त्री केली आणि हातावर दही-साखर ठेवली. बाबा इन्स्टिट्यूटच्या फाटकापर्यंत सोडायला आले. आत व्हरांड्यात वीस-पंचवीस मुलं बसली होती. मद्रासची, कलकत्त्याची, दिल्लीची. मुलगी ती एकटीच.

मुलाखत संपवून ती बाहेर आली तेव्हा बाबा कामावर गेलेले होते. ती झाडांखालून सरळ चालत फिजिक्सच्या इमारतीपाशी गेली. रघुपती पायऱ्यांवरच होता. आज त्याला प्रयोगशाळेत काही सुचलं नसणार, हे त्याच्या चुरगळलेल्या शर्टावरून दिसत होतं.

"मुलाखत झाली," ती म्हणाली. "म्हणजे आता आईची अट संपली."

"हो... संपली." त्यानं पायरीवरची धूळ हातानं झटकली. "बसा."

ती एक पायरी सोडून बसली. "एका प्रश्नाचं उत्तर मला येतच नव्हतं. धातूच्या पोकळ नळीतून लाटा कशा जातात. मी म्हटलं, येत नाही. त्यांनी खडू पुढे केला, म्हणाले, मग विचार करा. मी फळ्यावर सुरुवात केली. अर्ध्यावर गेल्यावर कळलं की चुकलंय. पुसलं, पुन्हा केलं. पुरं झालं नाही. वेळ संपला."

"घाबरलात?"

"सुरुवातीला. मग खरंच आवडायला लागलं." ती हसली. "बाकी विचारू नका. आणि अंदाज तर मुळीच सांगू नका."

"मला सांगता येत नाही, हे मी लिहूनही द्यायला तयार आहे," तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली.

निकाल जूनच्या शेवटी लागला. निवडलेल्यांत हेमाचं नाव नव्हतं. प्रतीक्षेवर होतं, पहिलं.

तिनं ते बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, आणि दुपारच्या बसनं चामराजपेटेला गेली. अहल्याक्का देवळात गेल्या होत्या. दार रघुपतीनंच उघडलं.

"नाही मिळालं," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "वेटिंगवर आहे."

त्यानं 'वाईट वाटून घेऊ नका' म्हटलं नाही, 'मिळेल हो' असंही म्हटलं नाही. तो फक्त बाहेर येऊन तिच्याशेजारी कट्ट्यावर बसला. रस्त्यावरून एक फुलवाली मोगरा ओरडत गेली. आणि हेमाला जाणवलं की या माणसाच्या शेजारी नापास होऊन बसणंही किती सोपं आहे.

"एक सांगू?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते बाबांना बोललात. मला कुणी काही विचारलंच नाही."

"निकाल लागेपर्यंत विचारायचं नव्हतं. तुमचं लक्ष—"

"निकाल लागला."

"पण हा असा... आज विचारलं तर तुम्हांला वाटेल, की प्रवेश गेला म्हणून मी कीव करून—"

"रघुपती," ती म्हणाली. त्याचं नाव तिनं असं एकटं, मागेपुढे काही न लावता, पहिल्यांदाच घेतलं होतं. "मी पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखतीला जाणार आहे. त्याच्या पुढच्याही वर्षी जाईन. तू त्यात कुठे आहेस, एवढंच विचारतेय."

तो 'तू' ऐकून त्याचा चेहरा असा काही झाला, की तिला हसूच आलं. त्यानं कट्ट्यावर टेकलेल्या तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. वर नाही, शेजारीच. करंगळीला करंगळी जेमतेम लागेल इतका.

"तू जाशील त्या प्रत्येक वर्षी," तो म्हणाला, "मी बाहेरच्या पायऱ्यांवर असेन. माझ्याशी लग्न करशील?"

हेमानं करंगळी हलवली नाही. "करीन," ती म्हणाली. "पण शिकून झाल्यावर. कितीही वर्षं लागली तरी."

"लागू देत."

कोपऱ्यावरून अहल्याक्का येताना दिसल्या, हातात तुळशीची माळ. त्यांनी दोघांना कट्ट्यावर बसलेलं लांबूनच पाहिलं, क्षणभर थांबल्या, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा देवळाच्या दिशेनं वळल्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इन्स्टिट्यूटचं बोलावणं आलं. निवड झालेला कलकत्त्याचा एक मुलगा परदेशी गेला होता आणि त्याची जागा रिकामी झाली होती. अप्पासाहेबांनी गल्लीभर पेढे वाटले. प्रमोदिनीबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, कुणी बघत नाहीसं पाहून, थोडं रडून घेतलं.

पहिल्या दिवशी रघुपती फाटकापाशी उभा होता. तो सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालू लागला. रस्ता ओला होता. झाडांवरून अजून पाणी ठिबकत होतं, आणि तिची नवी चप्पल दर पावलाला वाजत होती. पुढे रस्ता फुटत होता. फिजिक्स डावीकडे, तिचा विभाग उजवीकडे.

"इथून पुढे मला येता येणार नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," हेमा म्हणाली. तिनं पदर सारखा केला, वह्या छातीशी धरल्या आणि उजवीकडे वळली. तास सुरू व्हायला अवकाश होता, तरी तिची पावलं आपोआप भरभर पडू लागली.